घरात कोण राह्यते?

बेबीताई ढोरे यांच्यासमोर कुणी कागदांची पिशवी उघडायला लागलं, की त्या हातानंच थांबवत. "कागद राहू द्या. आधी सांगा, घरात कोन राह्यते?" शेतीचं काम असलं तर प्रश्न बदलायचा, "वावर कोन वाह्यते?" उत्तर मिळेपर्यंत त्यांचा चष्मा कपाळावरून नाकावर उतरत नसे.

अमरावतीत रजिस्ट्री ऑफिससमोर टिनाच्या शेडखाली पाच-सहा दस्तलेखक बसत. खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र असले कागद लिहून देण्याचा त्यांचा धंदा. त्या रांगेत बेबीताई एकट्याच बाई. उंच, हाडापेरानं मजबूत, सुती साडी आणि तिच्यावर बाराही महिने पुरुषाचा शर्ट, वावरात निंदायला जाणाऱ्या बाया घालतात तसा. ऑफिसात हा कसला वेष, असं एकदा कुणीतरी विचारलं, तर म्हणाल्या, "खिशाशिवाय पेन कुठं ठेवू? अंबाड्यात खोचू का?"

टेबल त्यांच्या नवऱ्याचं. तो गेल्यावर त्या तिथं बसायला लागल्या, तेव्हा शेजारचे म्हणाले, बाईला टेबल वारसानं मिळालं. बेबीताईंना ते अजिबात पटत नसे. "टेबल वारसानं आलं, खुर्ची वारसानं आली. परवाना वारसानं येत नाही. तो मी सोता काढला." मालमत्ता म्हणजे काय आणि काय नाही, हा भेद त्यांनी असा स्वतःपासूनच सुरू केला होता.

पक्षकाराचा चहा सही होईपर्यंत त्या घेत नसत. लिहून झालेला कागद त्या स्वतः कधी वाचून दाखवत नसत. ज्याचा त्यानं मोठ्यानं वाचायचा. वाचता येत नसेल तर त्यानं आणलेल्या माणसानं नाही, रांगेतल्या कुणा तिऱ्हाइतानं वाचायचा. यात वेळ जाई आणि लोक कंटाळून दुसऱ्या टेबलाकडे वळत. "जाऊ द्या," त्या म्हणत, "घाई असलेला मानूस अन् कोरा कागद, दोघायपासून दूर राहाव."

आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा आम्हालाही घाईच होती.

मी मूळची अकोल्याची. अमरावतीला शाळेत नोकरी लागली, लग्नही इथंच झालं, आणि बारा वर्षं आम्ही भाड्याच्या तीन घरांतून फिरलो. मग बडनेरा रोडच्या मागच्या जुन्या वस्तीत एक घर मिळालं. पुढं चार खोल्या, मागं दोन, विहीर आणि एक पेरूचं झाड. विकणारे प्रशांतराव अचलपूरला राहायचे, तिथल्याच कापडगिरणीत सुपरवायझर होते. माणूस सरळ बोलणारा. मिळकत पत्रिका, म्हणजे शहरातल्या घराचा सातबाराच म्हणा, त्यांनी आणून दिली. तिच्यावर त्यांचं एकट्याचं नाव. दुसऱ्या गिऱ्हाइकाला घर आवडलंय, तेव्हा या आठवड्यात इसारपत्र करू, असं त्यांचं म्हणणं.

सुधीरनं, माझ्या नवऱ्यानं, पिशवीतून कागद काढले. बेबीताईंनी हात आडवा धरला.

"घरात कोन राह्यते?"

"मालक अचलपूरला असतात."

"मी मालक नाही विचारला. चूल कोन पेटवते तिथं?"

सुधीर माझ्याकडे बघायला लागला. घर बघायला गेलो तेव्हा मागच्या खोलीत एक पलंग आणि दोरीवर वाळत घातलेलं लुगडं दिसलं होतं. प्रशांतराव म्हणाले होते, आमची एक म्हातारी असते, तिला अचलपूरला नेणार आहे. आम्ही पुढं काही विचारलं नव्हतं.

"जा," बेबीताई म्हणाल्या, "त्या म्हातारीच्या हातचा चहा पिऊन या. मंग कागद पाहू."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एकटीच गेले. म्हातारी ओसरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. ती मला ओळखत नव्हती, तरी तिनं पाट सरकवला.

"तुमी घर घेनारे का? त्या दिवशी मी अकोल्याले गेलती," ती म्हणाली. "पिंट्यानंच पाठोलं, मावसभावाकडे."

पिंट्या म्हणजे प्रशांतराव. ती त्यांची सख्खी आत्या, सुमनआत्या.

"तुम्ही इथं किती वर्षांपासून आहात?"

"किती म्हंजे? मी ह्याच खोलीत जलमली. लग्न होऊन बार्शीटाकळीले गेली. सात वर्षांनं मालक वारले, मंग परत आली. त्याले चाळीसेक वर्षं झाले असतीन." तिनं शेंगांतले हिरवे सोले मुठीत घेऊन ताटात टाकले. "हे घर मायाच बापानं बांधलं. बाबा गेले, मंग दादा पाहे. आता दादाबी गेला."

चहा झाला. मी उठले तेव्हा तिनं सोल्यांची पुडी माझ्या हातात दिली आणि हळूच विचारलं, "तुमी घर घेतलं तं मले मागची खोली ठेवसान का? मी काही त्रास देत नाही. झाडाचे पेरू बी तुमीच घ्याजा."

मी पायात चपला सरकवल्या. ती पुडी घरी नेली, पण त्या दिवशी ते सोले शिजवले नाहीत.

बेबीताईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग चष्मा नाकावर आला.

"हे घर अर्धं त्या बाईचं आहे," त्या म्हणाल्या.

सुधीरनं मिळकत पत्रिका पुढं केली. "पण नाव तर यांचं एकट्याचंच आहे."

"नाव चढलं म्हून मालक होत नाही, साहेब. ही सरकारची नोंदवही आहे, कर कोनापासून घ्याचा हे समजाले. आजा मृत्युपत्र न करता मेला ना? मंग तो मेला त्याच दिवशी पोराचा अन् पोरीचा सारखा हिस्सा झाला. कागद मागून येते, लंगडत. अन् इथं तं अर्धाच आला. भावानं वारस लिवून देताना बहिनीचं नाव लिवलंच नाही."

"मग आम्ही घेतलं असतं तर?"

"दाम पुऱ्या घराचे, अन् भेटलं असतं अर्धं. ते अर्धं कोनतं, पुढचं का मागचं, तेबी ठाऊक नाही. सारी उमर कोर्टात हिंडले असते."

माझ्या छातीवरचं एक ओझं उतरलं, आणि लगेच दुसरं बसलं. मी म्हणाले, "मग सोडूनच देतो आम्ही."

"सोडा ना," बेबीताई म्हणाल्या. "तुमी सुटले. पन तो दुसऱ्याले इकन. अन् दुसरा तिथं चहा प्याले जानार नाही."

त्या एवढंच बोलल्या आणि पुढच्या माणसाला बोलावलं. आम्ही शेडच्या कडेला उभे राहिलो. दहा मिनिटांनी सुधीरनंच प्रशांतरावांना फोन लावून सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते आले ते चिडूनच आले. सोबत आत्या. तिनं चांगलं लुगडं नेसलं होतं आणि हातात रिकामी पिशवी होती, बाजाराला निघाल्यासारखी.

"माझ्या बाबानं हिला चाळीस वर्षं सांभाळलं," प्रशांतराव म्हणाले. "लग्न लावून दिलं, दुखलंखुपलं पाहिलं. आता हिस्सा काढता?"

"तुमच्या बाबानं लय चांगलं केलं," बेबीताई शांतपणे म्हणाल्या. "पन भावानं बहिनीले सांभाळलं म्हून बहिनीचा हिस्सा आटत नाही."

"तिला नकोच आहे हिस्सा. हक्कसोडपत्र करून देईल ती. विचारा तिलाच. आत्या, सही करशील ना?"

"तू म्हनशील तिथं करतो बापा," आत्या म्हणाली.

मला वाटलं, संपलं. बेबीताई मात्र काहीच वेगळं घडलं नसल्यासारख्या म्हणाल्या, "करू ना. प्रशांतराव, तुमच्या आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स घेऊन या. तवरोक मी नमुना काढतो."

ते गेले. बेबीताईंनी हक्कसोडपत्राचा छापील नमुना काढून आत्यापुढं ठेवला. "वाचता येते?"

"चवथीपर्यंत शिकली आहे."

"मंग वाचा. मोठ्यानं."

आत्या बोट ठेवून वाचायला लागली. जागोजागी अडखळत होती, पण थांबत नव्हती. "...सदर मिळकतीत... माझा... कोणताही हक्क... हितसंबंध... आजपासून... कायमचा... राहिलेला नाही." बोट तिथंच थांबलं. पुन्हा एकदा ते बोट 'कायमचा' या शब्दावर मागं गेलं.

प्रशांतराव झेरॉक्स घेऊन परत आले होते, तिच्या मागं उभे होते. तिनं मान वळवून त्यांनाच विचारलं, "मंग मी राहू कुठं, पिंट्या?"

"तुला कोण काढतंय आत्या?"

"हा कागद काढते ना."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. वाचून समजलं ते तिनं सांगितलं, इतकंच. प्रशांतरावांनी झेरॉक्स टेबलावर ठेवल्या. मग शेडबाहेर गेले, नळावर तोंडावर पाणी मारलं. परत आले तेव्हा त्यांनी दुसऱ्या टेबलाची खुर्ची ओढून घेतली आणि बसले.

"कसं करायचं, सांगा ताई," ते म्हणाले. "पोरीच्या शिक्षणासाठी मला विकणं भाग आहे. पण हिला रस्त्यावर नाही आणायचं."

बेबीताईंनी सांगितलं ते सोपं होतं. आधी आत्या-भाच्याचं वाटणीपत्र करायचं, कुणाचा भाग कोणता ते नकाशानिशी लिहायचं, त्याची रजिस्ट्री करायची. मग ज्याचा भाग त्यानं हवा तर विकावा, हवा तर ठेवावा. पुढचा भाग प्रशांतरावांचा, तो आम्ही घ्यायचा. मागच्या दोन खोल्या, विहीर आणि झाड आत्याचं.

"तुमाले अर्धं घर पुरते का, ते तुमी पाहा," त्या मला म्हणाल्या.

पुरत होतं. बारा वर्षं भाड्याच्या दोन-दोन खोल्यांत काढलेल्यांना चार खोल्या पुष्कळ होतात.

चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंना काय आहे ते, जागेवर उभं राहून पाहिल्याशिवाय बेबीताई लिहीत नसत. एका रविवारी त्या त्यांच्या जुन्या स्कूटीवरून आल्या. प्रशांतरावांच्या आजोबांच्या खरेदीखतात लिहिलं होतं, पूर्वेस रस्ता. बेबीताईंनी आत्याला विचारलं, "सकायचं ऊन कोनत्या खिडकीतून येते?"

"इहिरीकडल्या."

बेबीताई पोट धरून हसल्या. "इहीर मागं, मंग रस्ता पश्चिमेले. सत्तर वर्षांपासून हे घर कागदावर उलटं उभं आहे, अन् कोनाले पत्ता नाही!" नव्या दस्तात त्यांनी ते सरळ केलं. घराच्या कडेनं जो बोळ मागं जातो, त्यातून येण्याजाण्याचा दोघांचा कायमचा हक्कही त्यांनी लिहायला लावला. सुधीर म्हणाला, "आत्यांना आम्ही कधी अडवू का?" त्यावर त्या म्हणाल्या, "तुमी नाही अडवनार. तुमच्यानंतर घर घेनारा कसा आहे, ठाऊक आहे? मन चांगलं आहे तवाच रस्ता लिवून घ्याव. भांडन झाल्यावर कोनी देत नाही."

त्या दिवशी काम आटोपल्यावर त्या विहिरीच्या काठावर बसल्या. सही व्हायची होती म्हणून चहा घेतला नाही, पाणी मात्र दोन लोटे प्यायल्या. मी सहज विचारलं, "ताई, तुम्ही सगळ्यांना आधी राहणाऱ्याचंच का विचारता?"

त्यांनी लोटा शेजारी ठेवला.

"एकदा नाही विचारलं," त्या म्हणाल्या. "नवीनच बसली होती टेबलावर. एक पोरगा बापाले घेऊन आला. बाप म्हने, माया मांगं घर पोराले भेटलं पायजे. पोरगा म्हने, बक्षीसपत्र करा. मी केलं. आता पाहा, मृत्युपत्र असतं तं मरेपर्यंत घर बापाचंच राह्यलं असतं. वाटलं तं फाडून दुसरं केलं असतं. बक्षीसपत्राचं तसं नाही. सही झाली का घर गेलं. म्हातारा-म्हातारीच्या राहाचं काय, हे मी विचारलं नाही, अन् लिवलंबी नाही."

"मग?"

"वर्षाच्या आत म्हातारा पोरीकडे, अचलपूरले. मी बसनं गेली भेटाले. वाटलं, म्हातारा शिव्या देईन. त्यानं बसाले घोंगडं टाकलं, अन् म्हने, बाई, तुयं अक्षर लय चांगलं होतं वं."

बेबीताईंनी लोटा पालथा घातला आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. मग स्कूटीला किक मारली. ती तिसऱ्या किकेला सुरू झाली.

रजिस्ट्रीच्या दिवशी सगळं अर्ध्या तासात उरकलं. अंगठे, कॅमेऱ्यासमोर फोटो. आत्यानं फोटोसाठी पदर डोक्यावर घेतला आणि कारकून म्हणाला, "आजी, इकडं बघा," तेव्हा ती त्याच्याकडे बघून इतकी हसली, की तोही हसला. बाहेर आल्यावर बेबीताईंनी त्या दिवसाचा पहिला चहा घेतला, सर्वांसोबत. प्रशांतरावांनीच आणला होता. आत्याचा चहा त्यांनी बशीत ओतून थंड करून दिला.

नवी मिळकत पत्रिका हातात यायला पुढं काही महिने लागले. ती आणायला मी आत्याला घेऊन गेले. खिडकीशी तिनं कागद डोळ्यांजवळ धरला आणि बोट फिरवत नाव शोधलं. सापडलं तसं मोठ्यानं वाचलं, बेबीताईंनी शिकवल्यासारखं. "सुमन... नारायण..." मग नवऱ्याच्या नावावर बोट ठेवून माझ्याकडे वळली आणि लाजली. "यायचं बी नाव आलं. चाळीस वर्षांत कोनी घेतलं नव्हतं."

आता आम्ही शेजारी आहोत. विहिरीवरच्या मोटरवरून आमचं एकदा वाजलं, दोन दिवस अबोला झाला, तिसऱ्या दिवशी आत्यानंच पेरू आणून दिले. प्रशांतराव दिवाळीला येतात आणि आमच्याकडे न थांबता सरळ मागं जातात. बोळातून.

बेबीताईंच्या टेबलाशी मी अधूनमधून जात राहिले, कधी शाळेतल्या कुणाचं काम घेऊन, कधी नुसतीच. लिहिणं संगणकावर आलं, तसं त्यांनी साठी उलटल्यावर दोन बोटांनी टाइप करायला शिकून घेतलं. पण डोळे गेले. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं नाही. एक दिवस गेले तर टेबलावर दुसरंच कुणी बसलेलं. बाई अकोल्याला धाकट्या बहिणीकडे चालल्यात, उद्याच्या गाडीनं, असं त्यानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी बस स्टँडवर गेले. अकोल्याची गाडी गच्च भरली होती. बेबीताई खिडकीशी बसल्या होत्या, शर्ट नव्हता, नुसती साडी, त्यामुळे मला त्या लवकर सापडल्याच नाहीत. मी खिडकीखाली जाऊन हाक मारेपर्यंत आत एक गृहस्थ त्यांच्याशी वाद घालायला लागले होते.

"बाई, या सीटवर मी खिडकीतून रुमाल टाकला होता."

"असन," बेबीताई म्हणाल्या. "मी चढली तवा रुमालावर कोनी बसलं नव्हतं. आता मी बसली आहे. ताबा माया."

आजूबाजूची माणसं हसली. गृहस्थ हटेनात. "रुमाल माझाच आहे, बघा, निळी किनार."

"रुमाल तुमचाच. तो घ्या ना." त्यांनी अंगाखालून रुमाल काढून झटकला, घडी घालून त्यांच्या हातात दिला. तेवढ्यात त्यांना त्या गृहस्थांच्या मागं, दांडी धरून उभी असलेली म्हातारी दिसली. डोळे बारीक करून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "ह्या कोन?"

"माझी आई. गुडघ्याचा त्रास आहे तिला. तिच्यासाठीच टाकला होता."

"मंग आधी आईचं सांगाचं ना, रुमालाचं काय सांगता!" बेबीताई उठल्या. म्हातारीला हाताला धरून खिडकीशी बसवलं. लगेच त्याच बाकावरच्या दोघी सरकल्या आणि त्यांनी बेबीताईंना आपल्यात ओढून घेतलं. दोघींच्या जागेत तिघी बसल्या.

कंडक्टरनं घंटी मारली. मी खिडकीतून हात आत घातला, तो म्हातारीच्या मांडीवरून त्यांच्यापर्यंत कसाबसा पोचला. त्यांनी तो घट्ट धरला.

"जा आता," त्या म्हणाल्या. "उनाची उभी राहू नको. आत्या जेवाची थांबली असन."